नव्या तांदळाची खीर आणि सोळावं पान

हा प्रवास पुण्यातल्या एका वर्गात ठरला. मी संध्याकाळी स्पॅनिश शिकवते आणि दर शनिवारी आमचा सात-आठ जणांचा गट मेक्सिकोतल्या कथा-कादंबऱ्या वाचतो. त्या गोष्टींचं एक वेड आहे. तिथे चुलीवर शिजलेलं पोटात न जाता सरळ काळजात उतरतं. घरात ज्या प्रेमाला बंदी, ते मिरचीच्या वाटणातून नाहीतर मक्याच्या रोटीतून वाट काढतं. मेलेली माणसं जेवायला येऊन बसतात आणि घरची बाई न दचकता त्यांना वाढते. हे सगळं सांगायचं कसं, तर बाजारातून कांदे आणल्याचं सांगावं तितक्या सहज. त्या शनिवारी गटातला एक इंजिनियर म्हणाला, "मॅडम, वाचायला मस्त आहे, पण असं कुठे असतं का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "असतं की. भंडारा जिल्ह्यात असतं."

सगळे हसले, मीही हसले. पण रिक्षात बसल्यावर माझं हसू उतरलं, कारण मी थट्टा केली नव्हती. आणि त्याच आठवड्यात शकूआत्याचा फोन आला.

"मीना, मंडईले ये. यंदा येच. तुह्यासाठी एक काम आहे."

"कसलं काम?"

"आली का सांगतो."

(पुण्याच्या वाचकांसाठी: तिकडे बायकाही 'मी सांगतो, मी जातो' असंच म्हणतात. दोन दिवसांत कानाला सवय होते, तिसऱ्या दिवशी आपणही तसंच बोलू लागतो.)

मंडई म्हणजे काय तेही सांगून टाकते. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर प्रत्येक गाव आपापला एक दिवस धरतं. त्या दिवशी गावात दुकानं लागतात, जिलेबी तळली जाते, दंडार हा गावचा नाच-खेळ रंगतो, संध्याकाळपासून नाटकाचा मांडव गजबजतो, सासरी गेलेल्या लेकी येतात आणि पुढच्या उन्हाळ्यातली निम्मी लग्नं तिथेच जमतात. आमच्या घरी त्याच दुपारी 'नवं' होतं. नवं म्हणजे त्या वर्षीचा पहिला तांदूळ. हलकं धान दिवाळीपर्यंत घरात येतं, त्याची कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, काढून गुळाची खीर करायची आणि फक्त घरच्या माणसांनी एका पंगतीत बसून ती खायची. परक्याला त्या पंगतीत जागा नाही. उलट बाजूने, जो त्या पंगतीत बसून नवं खातो तो घरचा, मग कोणी काही म्हणो.

आमच्या घरची खीर शकूआत्या रांधते आणि त्या खिरीला एक खोड आहे. ती खाल्ली की माणूस मनातून ज्याच्यासाठी झुरत असतो त्याचं नाव त्याच्या तोंडून बाहेर पडतं. पहिल्या दोन-तीन घासांतच पडतं, उचकी यावी तसं. घरात याचं कोणाला विशेष वाटत नाही. माझी वहिनी अलका लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून खीर खायच्या आधी लोणच्याची मोठी फोड गालात धरून बसते.

मी बावीस वर्षांची असताना त्या पंगतीत माझ्या तोंडून निघालं, "समीर." माझे बाबा पानावरून उठले. आमच्याकडे पानावरून उठणं म्हणजे मोठा अपशकुन. महिनाभरात ते प्रकरण संपलं, म्हणजे मी ते संपवू दिलं. त्यानंतर बाबा गेले, समीर दुसऱ्या देशात गेला आणि मी बावीस वर्षं मंडईला गेले नाही. आता माझं वय चव्वेचाळीस आहे, मी एकटी राहते आणि बहुतेक दिवस मजेत असते. बहुतेक दिवस.

तर, रस्ता. पुण्याहून रात्रीची गाडी धरली की सकाळी नागपूर. तिथून भंडाऱ्याला बस भरपूर, दीड तास लागतो, रस्ता झकास. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे नागपूर ते अड्याळ माझं भाडं पुण्यातल्या एका कॉफीपेक्षा कमी पडलं. भंडाऱ्याच्या अलीकडे शहापूरला हमरस्त्यावर मुद्दाम उतरले, कारण तिथले तर्रीपोहे बावीस वर्षं डोक्यात होते. हॉटेलवाल्याने माझ्या पर्सकडे आणि गॉगलकडे पाहून विचारलं, "तर्री जमन ना मॅडम? मांगून मले नका म्हनू."

"टाका हो. मी इथलीच आहे."

"इथले लोक नाही सांगत, इथलीच आहे म्हनून," तो म्हणाला आणि पळीभर जास्तच ओतली. डोळ्यांतून पाणी आलं. ते तिखटाचं होतं असं मी स्वतःला सांगितलं.

भंडाऱ्याला बस बदलून पवनीची धरली. शहर संपलं की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, सुरू होतात. नोव्हेंबरात अर्धं धान कापून आडवं पडलेलं असतं, अर्धं पिवळं उभं असतं आणि त्या उभ्या धानातच लाखोरीची डाळ पेरलेली असते, खाली हिरवी कोवळी रोपं डोकावत असतात. मध्येच एखादा तलाव, त्याच्या पाळीवर पळस आणि मोह. खिडकीची काच बंद होत नव्हती, वारा गार होता आणि मला कमालीचं बरं वाटत होतं.

अड्याळला उतरून आत्याने सांगितलेलं सामान घेतलं: गूळ, वेलदोडे आणि पळसाच्या पानांच्या पत्रावळी. पत्रावळी विकणारी म्हातारी बाजाराच्या टोकाला बसते. मी सोळा मागितल्या तर तिने मान वर केली.

"सोळा? मंग तू आत्याबाईकडची."

"कसं ओळखलं?"

"बाकी सारे कागदाच्या नेतात, पन्नास-पन्नासच्या गड्ड्या. मोजून सोळा पानं एकच घर नेते."

पंगतीत घरचे पंधरा असतात. सोळावं पान आत्या दरवर्षी शेवटी मांडते, त्यावर खीर वाढते आणि सगळ्यांचं झाल्यावर ती गाईला देते. घरात सगळे समजत की ते पान आजोबांचं. मीही तेच समजत होते. मेक्सिकोच्या गोष्टींत मेलेल्यांसाठी ताट मांडतात ना, तसं आमचंही काही असेल, असं मी वर्गात एकदा रंगवून सांगितलंसुद्धा होतं.

आमचं गाव अड्याळच्या पुढे, पवनीच्या वाटेवरून आत. खरं तर नवं गाव. जुनं गाव वैनगंगेच्या काठाला होतं, ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. नव्या गावात रस्ते सरळ आहेत, घरांना नंबर आहेत आणि प्रत्येक दारात एकाच वयाचं झाड आहे. जुन्या गावात वाट विचारली की लोक म्हणत, चिंचेपासून वळ. इथे म्हणतात, तिसऱ्या गल्लीत सहावं.

आत्या अंगणात सुपात कनकी पाखडत होती. सदुसष्ट वर्षांची, बारीक, ताठ. मला पाहून तिने सूप खाली ठेवलं नाही, फक्त म्हणाली, "आली? वाळली." पाणी प्यायला दिलं, वडाभात वाढला, वर जवसाचं कडकडीत तेल. मी खाईपर्यंत ती थांबली आणि मग कामाचं सांगितलं.

"सोमाजीले बलावून आन. नव्याले."

सोमाजी कोण हे मला ऐकून माहीत होतं, आमच्या घरात ते नाव कुजबुजीत घेतात. सोमाजी ढिवर, नदीवर मासे धरणाऱ्यांतला. आम्ही शेतकरी, आजोबा गावचे पाटील. आत्या एकोणीस वर्षांची असताना नव्याच्या दिवशी पळसाच्या पानावर खीर घेऊन नदीच्या घाटावर गेली होती, त्याला द्यायला. थोरले काका मागोमाग गेले आणि त्यांनी ते पान तिच्या हातातून घेऊन पाण्यात उपडं केलं. मारलं नाही, ओरडले नाहीत. पुढचे तीन दिवस कोणाच्याही जाळ्यात मासा आला नाही. सगळे मासे घाटापाशी पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडमिट करत होते आणि धुणं धुणाऱ्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, नाव घेऊन राहिले. तेव्हापासून खिरीला ती खोड लागली. पुढच्याच उन्हाळ्यात आत्याचं लग्न लावून दिलं, दोन वर्षांत नवरा तापाने गेला आणि ती माहेरी परत आली. तोवर सोमाजीचंही लग्न झालं होतं. मग धरण आलं, गाव उठलं आणि त्याची वस्ती पवनीच्या पुढे गेली.

"सोळावं पान त्याचं होतं?" मी विचारलं.

"मंग कोनाचं? बाबा गेले तवापासून त्याईच्या नावाची खीर गंगेत सोडतो मी. मेलेल्याले खीर कायले पाहिजे?"

"पण आत्ताच का, आत्या?"

तिने सुपातला एक खडा उचलून लांब फेकला. "माय माहं नाव घेत होती. भाऊ घेत होता. कौसल्या होती, माही मैतरीन, ते घेत होती. सारे गेले. आता मी साऱ्या गावाची आत्याबाई. माहं नाव राशनकार्डावर आहे फकत. त्यानं कधी साऱ्याईसमोर माहं नाव घेतलं नाही, घेऊच शकत नव्हता. एकडाव त्यानं माही खीर खावी आन त्याच्या तोंडातून निंगावं. शकुंतला. पंगतीत, साऱ्याईसमोर. येवढंच."

पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षं एक बाई एका नावासाठी दरवर्षी खीर ढवळते आहे, आणि ते नाव तिचं स्वतःचं आहे. मला तिचा हेवा वाटला आणि भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी अलका वहिनीच्या स्कूटीवरून निघालो. वहिनीला सगळं ठाऊक होतं, तिनेच आत्याला उचकवलं होतं असा माझा संशय आहे. "दिनेशदादाला सांगितलंय का तुम्ही?" मी विचारलं. दादा म्हणजे वहिनीचा नवरा, थोरल्या काकांचा मुलगा, आता घराचा कर्ता.

"सांगतो ना. पानावर बसवलं का सांगतो," ती म्हणाली. "पानावर बसल्या मानसाले उठवत नाही. मंग काय करन?"

पवनीपर्यंत रस्ता चांगला, पुढे धरणाकडे जाताना खड्डे सांभाळावे लागतात. वाटेत चहा घेतला, पवनीची वांगी घेतली. फिरायला म्हणून जाणार असाल तर गोसीखुर्दचं धरण सकाळी नऊच्या आत बघा, ऊन चढलं की पाण्याकडे बघवत नाही. पाणी अफाट आहे. त्याच्या खाली आपलं अंगण आहे, हे माहीत असेल तर ते सुंदर आहे म्हणायला जीभ लवकर वळत नाही. मग मात्र म्हणावंच लागतं.

सोमाजी त्यांच्या वस्तीत घरासमोर जाळं सांधत बसले होते. सत्तरीचे, रुंद खांदे, डोळ्यांना जाड चष्मा. वहिनी मुद्दाम मागे थांबली. मी ओळख सांगितली.

"पाटलाची नात? बस माय." जाळ्यातून हात निघाला नाही.

"उद्या आमच्याकडे मंडई आहे. नव्याला बोलावलंय तुम्हाला."

"कोनं बलावलं?"

"शकुंतला आत्याने."

सुई थांबली. पुन्हा सुरू झाली. "दिनेशरावाले मालूम आहे?"

"हो," मी सांगितलं. इतकं धडधडीत खोटं मी कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. मग हात पुसून उठले आणि पाण्याकडे बोट केलं. "तिथं आपला घाट. उन्हाळ्यात पानी उतरलं का पायऱ्या दिसतात दोन." मग म्हणाले, "मागच्या पावसाळ्यात यशोदा गेली. माही बायको. तवापासून कोनाकडं जेवाले गेलो नाही." मी वाईट वाटल्याचं सांगितलं, जसं सांगतात तसं. खरं म्हणजे माझं लक्ष एकाच गोष्टीवर होतं.

"याल ना?"

"येतो," ते म्हणाले. "आता नाही म्हनाले कोन उरलं?"

परत येताना वहिनी एवढ्या मोठ्याने गात होती की समोरून येणारा ट्रॅक्टरवाला थांबून बघत राहिला.

मंडईच्या दिवशी गाव सकाळपासून फुललं. रंगीत फुगे, प्लास्टिकच्या ट्रका, बांगड्या, जिलेबीच्या कढया, ढोल. गुरं राखणारे गोवारी उंच सजवलेल्या बांबूची ढाल घेऊन नाचत गल्लीतून गेले. जायचं असेल तर दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात जा आणि आधी कोणाला तरी विचारून घ्या, कारण प्रत्येक गावाची तारीख वेगळी आणि ती कुठे छापलेली नसते. राहायला भंडाऱ्यात लॉज मिळतात. गावात ओळख नसली तरी उपाशी परत येणार नाही, याची खात्री मी देते.

आत्या परसात चुलीपाशी होती. पितळी गंज, म्हणजे खिरीचं मोठं पातेलं, लख्ख घासून, आतून नवी कल्हई करून आणलेला. कनकी दुधात शिजली की ती गूळ घालते आणि गूळ पूर्ण विरघळेपर्यंत तोंडातून अक्षर काढत नाही. कोणी काही विचारलं तर पळी वर धरून गप्प करते. लहानपणी मला वाटायचं की ढवळताना मोजत असेल. त्या दिवशी मी जवळ बसले आणि पाहिलं, तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. तीन-चार अक्षरं, पुन्हा तीच, पुन्हा तीच. गूळ विरघळला तशी ती थांबली आणि म्हणाली, "पानं मांड."

बाराच्या सुमारास सोमाजी आले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात वाळवलेल्या माशांची पुडी. दारात उभे राहिले, उंबरा ओलांडेनात. वहिनीने पुडी घेतली, पाय धुवायला पाणी दिलं आणि बोलण्यात गुंतवून त्यांना थेट सोळाव्या पानावर नेऊन बसवलं. त्यानंतर दादा आला. त्याने पाहिलं. पंगतीत जे बसले होते ते सगळे आपापल्या पानाकडे बघू लागले. दादाच्या कानशिलाची शीर मला दिसत होती. हा त्या बापाचा मुलगा, आणि ज्याच्यावरून बापाने ते पान उपडं केलं तो माणूस समोर मांडी घालून बसलेला.

दादा मागे वळला. मला वाटलं, गेला. तो मोरीवर गेला होता. हात धुतले, पंच्याला पुसले, आपल्या पानावर येऊन बसला आणि म्हणाला, "आत्याबाई, वाढा."

आत्याने वाढलं. सोळाव्या पानाशी ती वाकली तेव्हा कोणाकडे बघितलं नाही तिने, फक्त पळीभर जास्त घातलं.

मग सुरू झालं. दादा म्हणाला, "सर्जा." सर्जा म्हणजे जुन्या गावची जमीन पाण्यात गेली तेव्हा विकलेला बैल. वहिनी सांगते, दरवर्षी तेच नाव निघतं आणि दरवर्षी तो खाकरून घसा साफ करतो. धाकट्या चुलत बहिणीने "आई" म्हटलं. वहिनीचा गाल लोणच्याने फुगलेला होता. मी चमचा नसल्यामुळे बोटांनीच घास घेतला आणि ठरवलं होतं की ओठ घट्ट मिटून घ्यायचे. खीर गोड होती, जरा धुरकट, आणि तिला ओल्या दगडाचा वास होता, नदीच्या पायरीला असतो तसा.

"समीर," मी म्हणाले.

कोणी मान वर केली नाही. दादाने वहिनीला सांगितलं, "मीनाले लोनचं वाढ." बस्स. बावीस वर्षांपूर्वी ज्या नावाने पंगत मोडली होती त्याचं आता कोणालाच काही वाटत नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट रडूच आलं. त्या वेळी थांबले असते, हट्ट धरून नुसती बसून राहिले असते, तर एक दिवस असाच यायचा होता आणि कोणीतरी लोणचं वाढायचं होतं.

सोमाजींनी पहिला घास घेतला. आत्या पळी हातात धरून गंजापाशी उभी. दुसरा घास. त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला. तिसरा.

"यशोदा," ते म्हणाले.

बाहेर ढोल वाजत होते. सोमाजींना स्वतःलाच कळलं नव्हतं की ते बोलले, मग कळलं. त्यांनी आत्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली. म्हातारा माणूस पानावर बसून लहान मुलासारखा रडू लागला. "यशोदा," पुन्हा म्हणाले, "माही यशोदा."

आत्या पुढे आली. पळी भरली आणि त्यांच्या पानावर ओतली.

"खा," ती म्हणाली. "तिच्या वाट्याची बी खा."

त्यांनी खाल्ली. सगळ्यांनी खाल्ली. पानं उचलली, सुपारी फिरली, दादा आणि सोमाजी धानाच्या भावावर चार वाक्यं बोलले, दोघंही एकमेकांकडे न बघता. निघताना सगळे फाटकापर्यंत आले. गल्लीत मंडईची गर्दी होती, ओळखीची माणसं थांबून बघत होती. आत्या मागे, दाराच्या चौकटीत उभी होती. सोमाजी फाटकाबाहेर गेले, थांबले आणि वळले. तेव्हा त्यांच्या तोंडात खीर नव्हती, पाणी पिऊन झालं होतं, सुपारीही थुंकून झाली होती.

"शकुंतला," ते म्हणाले. मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं. "येतो."

दादाने ऐकलं, वहिनीने ऐकलं, जिलेबीवाल्याने ऐकलं. आत्या दारातून वळली. आत गेली आणि गंज घासायला घेतला.

त्यानंतर मी एकच दिवस राहिले आणि आम्ही त्यावर शब्द काढला नाही. निघताना तिने पाच किलो नवा तांदूळ दिला. तो बसमध्ये, रिक्षात, गाडीत मांडीवर घेऊन मी पुण्याला आले. खांदा अजून दुखतो आहे.

परत आल्यावर गटाला काय सांगावं याचा विचार केला. प्रेमाला बंदी असली की अन्न बोलतं, असं मी इतकी वर्षं शिकवत आले. ते खरं आहे, पण अन्नाला आपली बाजू घेता येत नाही, हे मला माहीत नव्हतं. खिरीने जे खरं होतं ते सांगितलं. ज्या बाईने पंचेचाळीस वर्षं ती ढवळली तिच्याकडेही तिने पाहिलं नाही. आणि फाटकातून जे आलं ते खिरीचं नव्हतं, त्या माणसाचं होतं. ते प्रेम होतं, की लाज होती, की नुसती चांगली रीत, हे मला अजून ठरवता येत नाही. समीरचं म्हणाल तर मी त्याचा पत्ता शोधला नाही. फक्त त्याचं नाव आता घरात एकटी असताना मोठ्याने घेते, भांडी घासताना वगैरे. बरं वाटतं, आणि वाईटही.

चौथ्या दिवशी आत्याचा फोन आला. तांदूळ नीट पोचला का, कीड लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला टाकला का, वगैरे झालं. मग मीच विचारलं, "आत्या, वाईट वाटलं का गं?"

"लागलं ना. लागन नाही काय?" ती म्हणाली. "पन चाळीस वर्सं रांधून वाढलं तिनं त्याले. माहं तं एक पान, ते बी पान्यात गेलं. तिचंच नाव निंगाले पाहिजे होतं."

"पण जाताना म्हणाले ते..."

"दयेनं म्हनला असन."

तिला खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं मला ठाऊक नव्हतं.

"असू दे दया," ती म्हणाली. "म्हनला ना? तू तं फाटकातच उभी होती. मी मांगं होतो, ढोल वाजून राहिले होते, मले नीट आयकू नाही आलं. कसा म्हनला, सांग बरं."

मी स्वयंपाकघरात उभी होते, दुपारचे चार वाजले होते, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी घसा साफ केला आणि आवाज जरा जाड करून, जसं ऐकलं होतं तसं, म्हणाले, "शकुंतला, येतो."

पलीकडे तिने फोन दुसऱ्या कानाला लावल्याची खरखर ऐकू आली.

"अजून एकडाव म्हन," आत्या म्हणाली.